हाताचे दोन फेरे

चेन्नईहून ममल्लपुरमकडे जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रोडवर मुट्टुकाडूच्या खाडीचा पूल ओलांडला की थोड्याच अंतरावर डाव्या हाताला कोवलम हे गाव लागते. कोवलम म्हटले की महाराष्ट्रातील माणसाला केरळचा किनारा आठवतो. हे कोवलम त्याहून निराळे, कोरोमंडल किनाऱ्यावरचे. इंग्रजांच्या जुन्या कागदपत्रांत ते ‘कोव्हलाँग’ या नावाने भेटते आणि १७५२ साली रॉबर्ट क्लाइव्हने येथील किल्ला फ्रेंचांकडून घेतला, अशी इतिहासात त्याची नोंद आहे. आज हे गाव मुख्यतः कोळ्यांचे. परंतु शहराच्या गजबजाटाला कंटाळलेली चेन्नईची काही माणसेही या बाजूला घर करून राहू लागली आहेत.

अशा एखाद्या घराच्या अंगणाचे चित्र श्रोत्यांनी क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. अंगण म्हणजे निव्वळ वाळू. नोकरीच्या निमित्ताने दक्षिणेत आलेले आणि निवृत्तीनंतर येथेच रमलेले एक मराठी गृहस्थ, त्यांची पंधरा-सोळा वर्षांची जुनी मोटार आणि सुटीला घरी आलेला मुलगा. मोटारीच्या पुस्तिकेत सांगितलेले अंतर केव्हाच कापून झाले आहे. म्हणून इंजिनाचा टायमिंग बेल्ट बदलायचा आहे. गॅरेजमध्ये सांगितलेली मजुरी गृहस्थांना जास्त वाटते. शिवाय सायकलपासून शिवणयंत्रापर्यंत घरातली प्रत्येक वस्तू स्वतः खोलून दुरुस्त करण्याची त्यांना जन्मभराची हौस. रविवारचा सारा दिवस पाने, सॉकेट आणि ग्रीस यांच्या संगतीत जातो. जुना पट्टा निघतो, नवा बसतो, झाकण लागते आणि दिवेलागणीला किल्ली फिरवताच इंजिन चालूही होते. परंतु ते पूर्वीचे इंजिन राहिलेले नसते. उभ्या गाडीत ते थरथरते, मधूनच फट्‌फट् असा आवाज करते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुट्टुकाडूच्या पुलावर, जेथे गाडीने कधी कुरकुर केली नव्हती, तेथे गिअर उतरवावा लागतो.

भाग तर कोरा करकरीत नवा. मग बिघाड आला कोठून?

यंत्राच्या दुरुस्तीत दोन जातींच्या चुका संभवतात. एखादा भागच सदोष असणे ही पहिली; सारे भाग निर्दोष असूनही त्यांचे परस्परांशी असलेले नाते बिघडणे ही दुसरी. पहिली चूक बहुधा डोळ्यांना दिसते. दुसरी दिसत नाही, ती पडताळून काढावी लागते. टायमिंग बेल्टची चूक ही या दुसऱ्या जातीची. तिचा पडताळा घेण्याची एक अगदी साधी रीत आहे. तिला पैसा लागत नाही आणि वेळ लागला तरी तो काही मिनिटांचाच. दुर्दैवाने दिवसभराच्या श्रमानंतर किल्ली फिरवण्याच्या उत्सुकतेत नेमकी तीच वगळली जाते. ती रीत कोणती आणि तिच्यामागचे कारण कोणते, हे समजण्यासाठी इंजिनाच्या पोटात थोडे डोकावले पाहिजे.

पेट्रोलच्या इंजिनाचे काम चार क्रियांत चालते. जर्मनीतील निकोलाउस ऑटो याने १८७६ मध्ये हे चक्र प्रत्यक्ष चालणाऱ्या इंजिनात उतरवले आणि आजही पेट्रोलच्या मोटारी बहुतांशी त्याच तत्त्वावर धावत आहेत. पिस्टन, म्हणजे आपल्या शालेय पुस्तकांतला दट्ट्या, सिलिंडरमध्ये खाली येतो तेव्हा हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. तो वर जातो तेव्हा ते मिश्रण दाबले जाते. मग प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. शक्ती मिळते ती या एकाच क्रियेत. चौथ्या क्रियेत पिस्टन पुन्हा वर जाऊन जळलेला धूर बाहेर लोटतो. दोनदा खाली आणि दोनदा वर अशा या चार क्रिया झाल्या की पिस्टनांच्या खाली फिरणाऱ्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे पूर्ण होतात.

सिलिंडरच्या माथ्यावर या कामासाठी झडपा असतात. गॅरेजमध्ये त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. मिश्रण आत घेणारी झडप ढोबळमानाने पहिल्या क्रियेत उघडते, धूर बाहेर सोडणारी चौथ्या क्रियेत. मधल्या दोन क्रियांत दोन्ही दारे घट्ट मिटलेली असावी लागतात. कारण दार उघडे राहिले तर दाब कोठला आणि शक्ती कोठली? या झडपा उघडण्याचे काम कॅमशाफ्ट नावाचा दांडा करतो. त्याच्यावरील उंचवटे झडपांना दाबतात आणि उंचवटा सरकला की स्प्रिंग त्यांना मिटवते. प्रत्येक झडप चार क्रियांत एकदाच उघडायची असते. म्हणून क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एकच फेरा झाला पाहिजे, आणि याच कारणाने कॅमशाफ्टच्या चाकाला क्रँकशाफ्टच्या चाकाच्या बरोबर दुप्पट दात असतात. दोन फेऱ्यांना एक फेरा, हे प्रमाण श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचेच काम पडणार आहे.

कोकणातली रापण ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे नाते चटकन उमगेल. जाळ्याची दोन टोके धरून किनाऱ्यावर माणसांच्या दोन रांगा उभ्या राहतात. दोन्ही बाजूंनी एका लयीत ओढले तर जाळे नीट वळत किनाऱ्याला लागते. समजा, कोणाचे हात कमजोर नाहीत, दोर तुटलेला नाही, जाळे फाटलेले नाही. तरीही एक रांग चार पावले मागे राहिली की जाळे तिरपे होते आणि मासळी निसटते. कोरोमंडल किनाऱ्यावरही अशी जाळी ओढतात. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट या जणू त्या दोन रांगा आणि टायमिंग बेल्ट हा त्यांना एका लयीत बांधणारा दोर.

हे बांधण्याचे काम पूर्वी साखळीकडे असे. ॲम्बॅसडर, मुंबईच्या कुर्ल्यात बांधली जाणारी फियाट, मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कारखान्याने १९६१ पासून काढलेली हेरल्ड, या जुन्या पिढीच्या गाड्यांत कॅमशाफ्ट इंजिनाच्या खालच्या अंगाला, क्रँकशाफ्टजवळच असे आणि एक आखूड साखळी दोघांना बांधून ठेवी. साखळी तेलात न्हालेली, झाकणाआड बंद. घरच्या माणसाला तिच्या वाटेला जाण्याचे सहसा कारण पडत नसे. पुढे कॅमशाफ्ट इंजिनाच्या माथ्यावर चढला, दोघांमधील अंतर वाढले आणि लांब साखळीचा खडखडाट व खर्च टाळण्यासाठी रबरी दातेरी पट्ट्याचा विचार सुरू झाला. असा पट्टा अमेरिकेत १९४०च्या दशकात तयार झाला होता आणि त्याचे पहिले काम शिवणयंत्रात होते, हे ऐकून पुष्कळांना गंमत वाटेल. १९६२ साली बव्हेरियातील हान्स ग्लास यांच्या कारखान्याने ‘१००४’ या आपल्या मोटारीत तो बसवला आणि सर्रास विकल्या जाणाऱ्या मोटारींत त्याचा प्रवेश झाला. भारतात डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० या गाडीने तो मध्यमवर्गाच्या दारात आणून ठेवला. १९९८ मध्ये चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टई येथील कारखान्यातून निघालेल्या ह्युंदाई सँट्रोच्या इंजिनातही पट्टाच होता. अलीकडच्या अनेक पेट्रोल इंजिनांत साखळी परत आली आहे. तथापि पट्ट्याच्या गाड्या अजून पुष्कळ धावत आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच आता जुन्या झाल्या आहेत.

पट्ट्याचे गुण उघड आहेत. तो कोरडा, हलका आणि आवाज न करणारा. झाकणाचे काही स्क्रू काढले की समोर दिसतो. घरगुती हातांना त्याने आमंत्रण दिले ते यामुळेच, आणि फसगतीची जागाही हीच. दिसायला तो डायनॅमोच्या पट्ट्याचा भाऊ वाटतो. परंतु डायनॅमोचा पट्टा चाकांवर चढवून ताणला की काम संपते. तो कोणत्या जागी कोठे बसला याला महत्त्व नसते. टायमिंगचा पट्टा चढवून भागत नाही, तो जुळवावा लागतो. यासाठी कारखान्याने दोन्ही चाकांवर खुणा कोरून ठेवलेल्या असतात आणि त्यांच्यासमोर इंजिनाच्या स्थिर भागावरही खुणा असतात. चाकाची खूण स्थिर खुणेसमोर आली की लय जुळली.

आता एका दाताची चूक म्हणजे केवढी चूक, याचा हिशेब करून पाहू. क्रँकशाफ्टच्या चाकाला वीस आणि कॅमशाफ्टच्या चाकाला चाळीस दात आहेत असे धरू. एक दात म्हणजे क्रँकशाफ्टच्या फेऱ्याचा विसावा भाग, म्हणजेच अठरा अंश. पिस्टनची प्रत्येक क्रिया अर्ध्या फेऱ्याची, एकशेऐंशी अंशांची असते. म्हणजे पट्टा एकाच दाताने चुकला तरी झडपा प्रत्येक क्रियेच्या दहाव्या भागाइतक्या अवेळी हलू लागतात. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे करीत असेल तर एका क्रियेला सेकंदाचा शंभरावा भाग मिळतो; तेव्हा ही चूक सेकंदाच्या हजाराव्या भागाची ठरते. माणसाच्या हिशेबात इतका वेळ म्हणजे काहीच नव्हे. इंजिनाच्या हिशेबात तो फार मोठा आहे.

कॅमशाफ्ट असा एक दात मागे राहिला की काय होते? पिस्टन खाली येऊन मिश्रण घेतो, पुन्हा वर निघतो. आता आत घेणारी झडप मिटायला हवी. पण ती उशिराने मिटते. तेवढ्या वेळात आत आलेल्या मिश्रणाचा काही भाग आल्या वाटेने परत लोटला जातो. उरलेल्या मिश्रणावर पुरेसा दाब येत नाही, मग त्याचा स्फोटही दुबळा होतो. हा तोटा इंजिन सावकाश चालत असताना अधिक जाणवतो. म्हणूनच गाडी उभ्याने थरथरते आणि कमी वेगात चढावर दम टाकते. जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटर कॅमशाफ्टवरच फिरतो. त्यांत ठिणगीचा वेळही याच चुकीबरोबर सरकतो आणि दुखणे दुणावते. नव्या गाड्यांत क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांच्या जागा टिपणारे सेन्सर असतात. दोघांचा मेळ बसत नाही हे त्यांच्या ध्यानात आले की समोरच्या फळीवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागतो.

यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. पुष्कळ इंजिनांची रचना अशी असते की झडप पूर्ण उघडते तेव्हा ती जितकी खाली येते, त्याच जागेपर्यंत पिस्टनही वर येतो. दोघांची लय जुळलेली असते तोवर ते एकाच क्षणी तेथे कधीच येत नाहीत. लय फार चुकली, किंवा सैल बसलेला पट्टा चालता चालता आणखी काही दात घसरला, की दोघांची गाठ पडते. अशा टकरीत झडपेचा बारीक दांडा वाकतो. वाकलेली झडप नीट मिटत नाही आणि त्या सिलिंडरचा दाब नाहीसा होतो. मग इंजिनाचे डोके उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट पैसा त्यात जातो. म्हणून पट्टा बदलल्यानंतर इंजिन बिघडले असे दिसताच पुन्हापुन्हा किल्ली फिरवून ‘आता सुधारेल’ अशी वाट पाहणे हा सर्वांत महाग उपाय ठरतो. लयीची चूक चालवल्याने सुधारत नाही. झाली तर वाढते.

येथे कोणीही विचारील की, खुणा जुळवूनच पट्टा बसवला होता, मग चूक झाली कशी? ती तीन वाटांनी होते.

पहिली वाट चुकीच्या खुणेची. क्रँकशाफ्टच्या बाहेरच्या पुलीवर ठिणगीचा वेळ तपासण्यासाठी एक खूण असते, तर आतल्या दातेरी चाकावर पट्ट्यासाठी दुसरी असते. कॅमशाफ्टच्या चाकावरही कधीकधी एकाहून अधिक खुणा असतात. ग्रीस आणि धूळ यांच्याखाली खरी खूण लपते आणि डोळ्यांना पहिली दिसलेली खूण खरी मानली जाते.

दुसरी वाट ढिलाईची. ती अधिक फसवी. क्रँकशाफ्ट पट्ट्याला ज्या बाजूने ओढतो ती ताणाची बाजू. उलट बाजूला टेन्शनर नावाचे चाक पट्ट्याची ढिलाई शोषून घेते. पट्टा चढवताना ताणाची बाजू आधी ताठ केली पाहिजे आणि सगळी ढिलाई टेन्शनरच्या बाजूला सरकवली पाहिजे. तसे न होता ताणाच्या बाजूला थोडी ढिलाई उरली, तर गाडी बंद असताना खुणा अचूक जुळलेल्या दिसतात; मात्र इंजिन फिरू लागताच आधी ती ढिलाई ओढली जाते आणि तेवढा कॅमशाफ्ट मागे पडतो. काम करणाऱ्याने प्रामाणिकपणे खुणा जुळवल्या होत्या, हे खरेच असते. फक्त त्या उभ्या इंजिनाच्या खुणा होत्या, फिरत्या इंजिनाच्या नव्हत्या.

तिसरी वाट धक्क्याची. जुना पट्टा काढताच झडपांच्या स्प्रिंगांचा जोर कॅमशाफ्टला थोडा फिरवू शकतो आणि नवा पट्टा चढेपर्यंत तो फिरला हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

या तिन्ही वाटांवर पहारा ठेवणारी रीत म्हणजे हाताचे दोन फेरे. पट्टा बसवून टेन्शनर आवळल्यावर झाकण लावण्यापूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, प्लग काढावेत, क्रँकशाफ्टच्या पुलीच्या बोल्टला सॉकेट लावावे आणि इंजिन चालताना ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने ते हाताने सावकाश फिरवावे. कॅमशाफ्टच्या बोल्टने फिरवू नये. एक नव्हे, दोन पूर्ण फेरे द्यावेत आणि क्रँकशाफ्टची खूण पुन्हा आपल्या जागी आली की थांबून वरची खूण पाहावी.

दोनच का? कारण आधी सांगितलेल्या प्रमाणात आहे. क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात कॅमशाफ्टचा अर्धाच फेरा होतो. एकाच फेऱ्यानंतर पाहिले तर खालची खूण जुळलेली आणि वरची नेमकी उलट बाजूला गेलेली दिसते. ते पाहून घाबरून नीट बसलेला पट्टा पुन्हा काढणारे लोक असतात. दोन फेऱ्यांनंतर इंजिनाचे एक पूर्ण चक्र होते, सारी ढिलाई टेन्शनरकडे सरकलेली असते आणि दोन्ही खुणा जर आता जुळल्या तर त्या फिरत्या इंजिनाच्या खुणा म्हणून विश्वासाने मान्य करता येतात.

येथे आणखी एका गैरसमजाची शक्यता आहे. काही नव्या पट्ट्यांवर बसवण्याच्या सोयीसाठी पांढऱ्या रेघा ओढलेल्या असतात. दोन फेऱ्यांनंतर त्या रेघा चाकांच्या खुणांसमोर येत नाहीत, आणि पट्टा सरकला अशी भीती वाटते. हिशेब मात्र साधा आहे. पट्ट्याला एकशेपाच दात आहेत असे धरा. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत चाळीस दात पुढे सरकतात. पट्टा स्वतः एक वळसाही पुरा करीत नाही. रेघा आणि खुणा पुन्हा एकत्र यायला अशा पट्ट्यात क्रँकशाफ्टचे बेचाळीस फेरे द्यावे लागतील. तेव्हा पट्टा चढवतानाच रेघांचे काम संपते. पडताळा घ्यायचा तो चाकांवरील खुणांचा.

हाताने फिरवण्यात दुसराही एक लाभ आहे. हाताला कळते. प्लग काढलेले असल्यामुळे दाबाचा अडथळा नसतो. झडपांच्या स्प्रिंगांमुळे फिरवणे क्षणात जड, क्षणात हलके लागते, ते स्वाभाविक समजावे. पण मध्येच पाना टणक वस्तूवर अडल्यासारखा थांबला तर जोर लावू नये. त्या ठिकाणी पिस्टन आणि झडप समोरासमोर आलेले असण्याचा संभव असतो. हात तेथे थांबू शकतो. किल्लीने फिरणाऱ्या स्टार्टरला थांबणे माहीत नाही. तो त्याच जागी झडप वाकवून पुढे जातो.

झाकण लागले आहे, गाडी एकदा चालवून झाली आहे आणि बिघाड दिसतो आहे, अशा स्थितीत काय करावे? इंजिन बंद करावे आणि दुरुस्तीतला एक जुना नियम आठवावा: हात लावण्यापूर्वी जे ठीक होते आणि नंतर बिघडले, त्याचे कारण प्रथम हात लागलेल्या जागीच शोधावे. पेट्रोल खराब आले असेल, इंजेक्टर तुंबले असतील, असल्या दूरच्या शंका तूर्त बाजूला ठेवाव्यात. पट्ट्यापर्यंत पोहोचताना सोडलेल्या वस्तू एकेक करून पाहाव्यात. प्लगच्या वायरी उलटसुलट लागल्या आहेत का? चार सिलिंडरांच्या पुष्कळ इंजिनांत ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन असा असतो. शेजारच्या दोन वायरींची अदलाबदल झाली तरी इंजिन असेच थरथरते. एखादी रबरी हवेची नळी निसटली आहे का? सेन्सरचा प्लग अर्धवट बसला आहे का? हे सारे ठीक असेल तर झाकण पुन्हा काढून हाताचे दोन फेरे द्यावेत. खुणा जुळल्या आणि तरीही दुखणे कायम राहिले, तर प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. एका सिलिंडरचा दाब इतरांहून फार कमी भरला तर झडप वाकल्याची शंका घेऊन गाडी जाणत्या मेकॅनिकच्या हवाली करावी; तेथे घरगुती कामाची हद्द संपते.

या कामाला कोवलमच्या भूमीने आणखी दोन सूचना जोडल्या आहेत. पहिली वाळूची. वाळूवर ठेवलेला जॅक भाराने रुततो आणि कलतो. त्याच्याखाली जाड फळी असावी, चाकांना अडणी असावी, गाडीखाली पक्के स्टँड असावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली हात घालू नये. बॅटरीची एक तार सोडून ठेवावी, म्हणजे कोणाच्या हातून चुकून किल्ली फिरली तरी बोटांना इजा होणार नाही. दुसरी सूचना हवेची. रबर उष्णतेने वयाआधी म्हातारे होते. खाऱ्या दमट वाऱ्याने टेन्शनरच्या स्प्रिंगा आणि बोल्ट गंजतात. गंजलेला टेन्शनर नव्या पट्ट्यालाही योग्य ताण देऊ शकत नाही. म्हणून समुद्रकाठच्या माणसाने पट्ट्याचे वय किलोमीटरांबरोबर वर्षांतही मोजावे, आणि पट्टा बदलताना टेन्शनरचे चाक हाताने फिरवून पाहावे. ते घरघरले तर तेही बदलावे. जवळच्या ऑइल सीलमधून तेल पाझरत असेल तर ते आधी थांबवावे. तेलात भिजलेला पट्टा फार दिवस टिकत नाही.

आता पुन्हा त्या वाळूच्या अंगणात येऊ. पुलावरून परतलेले गृहस्थ गाडी झाडाखाली उभी करतात. मनात थोडी लाज आहे; गॅरेजमध्ये नेली तर ‘कोणी हात लावला होता?’ हा प्रश्न येणार. तरी किल्ली ते खिशात ठेवतात आणि पान्यांची पेटी उघडतात. झाकण निघते, प्लग निघतात. ते सॉकेट धरून सावकाश फिरवतात आणि मुलगा विजेरीच्या उजेडात वरच्या चाकाकडे पाहत राहतो.

“बाबा, खालची खूण बरोबर आली आहे. वरची एक दात मागे आहे.”

“नक्की? थांब, पुन्हा दोन फेरे देतो. नीट बघ.”

दुसऱ्या खेपेलाही उत्तर तेच येते. ताणाच्या बाजूला उरलेली ढिलाई सापडते. पट्टा उतरवून एका दाताने पुढे घेतला जातो, टेन्शनर सैल करून पुन्हा आवळला जातो आणि झाकण लावण्यापूर्वी तिसऱ्यांदा, या वेळी मुलाच्या हाताने, दोन फेरे दिले जातात. आता दोन्ही खुणा आपापल्या जागी उभ्या असतात. सुदैवाने झडपांना इजा झालेली नसते. सायंकाळी गाडी तोच पूल नेहमीच्या गिअरमध्ये चढून जाते.

घरी असे काम करावे की करू नये, या प्रश्नाचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. ज्याच्याजवळ त्या गाडीची पुस्तिका नाही, योग्य पाने नाहीत किंवा पुरेसा निवांतपणा नाही, त्याने ते करू नये. मेकॅनिकची मजुरी ही केवळ हातांची नसून वर्षानुवर्षे खुणा वाचलेल्या डोळ्यांची असते. परंतु ज्याला हे सारे अनुकूल आहे त्याने भिऊन मागे राहण्याचेही कारण नाही. आपण वापरतो ते यंत्र आपल्याला कळावे, ही इच्छा चांगली आहे आणि काटकसरीपेक्षा मोठी आहे. तिला एकच पथ्य आहे. काम संपले असे वाटले की, किल्लीकडे हात जाण्याआधी, ते स्वतः तपासून पाहावे. गॅरेजमधला जुना कारागीर हे न सांगता करतो. घरी काम करणाऱ्याने ते आठवणीने केले पाहिजे.